उमेदवार कागदावर कसा वाचायचा: सीमाभागातल्या मतदारांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात उमेदवाराचं नाव निघालं की दोन प्रश्न हमखास विचारले जातात: तो आपला आहे का, आणि निवडून येईल का. बोलला तसा वागला का, हा तिसरा प्रश्न राहून जातो. त्याला कारणही आहे. अधिसूचना निघाली की अर्ज भरायला सात दिवस, दुसऱ्या दिवशी छाननी, पुढच्या दोन दिवसांत माघार, आणि मग प्रचाराचे जेमतेम दोन आठवडे. एवढ्या वेळात सभा, पत्रकं आणि पै-पाहुण्यांचे निरोप सांभाळत कुणाचे कागद वाचून होत नाहीत. म्हणून हे काम निवडणूक नसताना सुरू करायचं, आणि एकट्यानं करायचं नाही.

आधी निकष, मग नावं

पाच-सहा जण पुरेत. ते एकाच भावकीतले किंवा एकाच युवक मंडळातले नसावेत, महिला मंडळातल्या एक-दोघी असाव्यात, आणि एकाला तरी कन्नड वाचता आलं पाहिजे. शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर चार किंवा पाच निकष लिहा, तारीख घाला, सगळ्यांनी सह्या करा. पक्षांच्या याद्या जाहीर होण्याआधी हे झालंच पाहिजे. नाव समोर आल्यावर निकष लिहायला बसलं, की आपल्या माणसाला जे जमतं तेच निकष कागदावर उतरतात.

निकष कागदानं तपासता येईल असा हवा. "माणूस चांगला आहे", "मराठीचा कडवा आहे", "सगळ्यांच्या सुखदुःखाला येतो" हे निकष नव्हेत. त्याऐवजी असं लिहा: मालमत्तेची वाढ उत्पन्नातून समजते का, खटले कशाचे आहेत, गेल्या दहा वर्षांत पक्ष किंवा गट किती वेळा बदलला आणि दर वेळी काय मिळालं, हातात असलेली संस्था कशी चालवली, मागच्या वेळी लेखी दिलेल्या आश्वासनांपैकी काय झालं.

पदही ध्यानात ठेवा. गटारीचं काम ग्रामपंचायतीचं किंवा महापालिकेचं. आमदाराचं मोजमाप सभागृहातल्या प्रश्नांवर आणि वर्षाला दोन कोटींच्या स्थानिक विकास निधीवर करायचं, खासदाराचं संसदेतल्या कामावर आणि वर्षाच्या पाच कोटींवर. खानापूरकरांनी हेही लक्षात ठेवावं की त्यांचा तालुका बेळगाव जिल्ह्यात असला तरी लोकसभेला तो उत्तर कन्नड मतदारसंघात मोडतो. खासदाराचे कागद तिकडे शोधावे लागतात.

प्रतिज्ञापत्र: नमुना २६

विधानसभा आणि लोकसभेच्या प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत नमुना २६ मध्ये शपथपत्र द्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे हा हक्क मतदाराला मिळाला. शपथपत्र निवडणूक अधिकाऱ्याच्या फलकावर लागतं आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरही चढतं. २०१३, २०१८ आणि २०२३ च्या विधानसभा निवडणुकांची जुनी शपथपत्रं काढून ठेवा. एकट्या शपथपत्रातून फार कळत नाही, दोन शेजारी ठेवली की कळायला लागतं.

आपल्याकडं पहिली अडचण भाषेची. बरीच शपथपत्रं कन्नडमध्ये असतात. पण रकान्यांचा क्रम प्रत्येक भाषेत सारखाच असतो. आयोगाच्या संकेतस्थळावरून कोरा इंग्रजी किंवा हिंदी नमुना छापून घ्या आणि क्रमांक जुळवत वाचा. ४ नंबरला पॅन आणि पाच वर्षांच्या विवरणपत्रांतलं उत्पन्न, ५ ला प्रलंबित गुन्हे, ६ ला शिक्षा, ७ ला मालमत्ता (अ जंगम, ब स्थावर), ८ ला कर्ज आणि सरकारी देणी, ९ ला व्यवसाय, उत्पन्नाची साधनं आणि सरकारी कंत्राटं, १० ला शिक्षण. शेवटी भाग 'ब' म्हणजे नुसता गोषवारा. वर्तमानपत्रात येतो तो याच गोषवाऱ्यातला आकडा, आणि तो सगळ्यात कमी उपयोगाचा.

कारण असं. समजा, २०१८ च्या शपथपत्रात पत्नीचं सोनं २५० ग्रॅम आहे आणि २०२३ मध्येही २५० ग्रॅमच आहे. सोन्याचा भाव दरम्यान जवळपास दुप्पट झाला, म्हणून रकान्यातली रक्कमही दुप्पट दिसते. बातमी होते, पण एक गुंजही सोनं वाढलेलं नसतं. जमिनीचंही तेच. बेळगावच्या आसपासच्या जागेची 'सध्याची बाजारकिंमत' उमेदवार अंदाजानं लिहितो. म्हणून किंमत बाजूला ठेवा आणि वजन, सर्व्हे नंबर, एकर-गुंठे, वाहनांची संख्या जुळवा. स्थावर मालमत्तेच्या प्रत्येक ओळीत ती वारशानं आली की विकत घेतली, विकत घेतली तर कधी आणि कितीला, हे लिहावं लागतं. त्यातल्या खरेदीची तारीख मागच्या शपथपत्रानंतरची असेल, अशा ओळींखाली रेघ मारा. खरं वाचन तिथं आहे.

आता मेळ घालायचा. एक उदाहरण घेऊ, आकडे समजुतीपुरते. उमेदवाराचं विवरणपत्रातलं उत्पन्न वर्षाला ९ लाख, पत्नीचं ४ लाख. पाच वर्षांचे ६५ लाख. त्या काळात नवं कर्ज ३० लाख. हातात येऊ शकणारा पैसा ९५ लाख. खरेदी काय झाली? प्लॉट ४८ लाखांचा, गाडी २२ लाखांची, ठेवी ४० लाखांनी वाढल्या, म्हणजे ११० लाख. घरखर्च वर्षाला ३ लाख धरला तर आणखी १५. एकूण १२५. मेळात ३० लाख कमी पडतात.

इथं थांबून 'खाल्ले' म्हणणं ही घाई. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यानं विवरणपत्रातल्या एकूण उत्पन्नात ते येत नाही. दहा एकर ऊस, एकरी ४० टन, टनाला ३,००० रुपये धरले तर वर्षाला १२ लाखांचं बिल. निम्मा खर्च वजा केला तरी ६ लाख उरतात आणि पाच वर्षांत ते ३० लाख होतात. मेळ बसला. पण तो बसतो तो जमिनीत खरंच ऊस असेल तरच. म्हणून शपथपत्रातला सर्व्हे नंबर घेऊन कर्नाटकाच्या जमीन-नोंदींच्या 'भूमी' संकेतस्थळावर उतारा काढा. होबळी (तालुक्यातला महसुली विभाग), गाव आणि नंबर निवडला की तो पाहता येतो. रकाना ९ मध्ये मालकाचं नाव, ११ मध्ये बोजा, १२ मध्ये पीक. कोरडवाहू जोंधळा लागलेल्या रानावर उसाचं उत्पन्न दाखवलं असेल तर तो प्रश्न जाहीर सभेत विचारण्यासारखा आहे.

सीमाभागातली एक गोष्ट बाहेरच्यांना सुचत नाही. इथल्या पुष्कळ घरांची जमीन पलीकडं चंदगड, गडहिंग्लज, कागल तालुक्यांत असते. कर्नाटकाचा उतारा पाहून थांबलात तर निम्मं चित्र हाती येतं. महाराष्ट्राचा सातबारा महाभूलेखवर पाहता येतो. शपथपत्रात जमीन दोन्ही राज्यांतली दाखवायची असते. पलीकडची वगळलेली सापडली तर ती नोंद तारखेसह वहीत घ्या.

कोरा रकाना चालत नाही. २०१३ च्या निकालानंतर प्रत्येक जागी 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहावंच लागतं. निवडणूक अधिकाऱ्यानं आठवण देऊनही रकाना कोरा ठेवला तर अर्ज फेटाळता येतो. याउलट, माहिती खोटी आहे म्हणून छाननीत अर्ज फेटाळला जात नाही. इथं अनेकांचा गैरसमज होतो आणि छाननीच्या दिवशी फुकट वाद होतात. तुमच्याकडं पुरावा असेल तर शपथेवर प्रति-प्रतिज्ञापत्र द्या. तेही उमेदवाराच्या शपथपत्रासारखंच जाहीर केलं जातं. आणि घरातली प्रत्येक वस्तू नोंदली नाही म्हणून आरडाओरड करू नका. २०२४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की मोठ्या किमतीची किंवा राहणीमानावर प्रकाश टाकणारी नसेल, तर प्रत्येक जंगम वस्तू लिहायची सक्ती नाही.

महापालिका आणि पंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यामुळं तिथले कागद वरच्या संकेतस्थळावर मिळत नाहीत. त्या-त्या निवडणूक अधिकाऱ्याकडं माहिती अधिकारात अर्ज करावा लागतो. फी दहा रुपये, पोस्टल ऑर्डर चालते. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. तीन विषय एकत्र घातले की अर्ज परत येतो. भाषा इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा. मराठीतला अर्ज नाकारायला त्यांना निमित्त मिळतं, तेव्हा देवनागरीतच पण हिंदीत लिहा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. आमदारांच्या बाबतीत आणखी एक विचारता येतं: दर वर्षी ३० जूनपर्यंत लोकायुक्तांकडं द्यायचं मालमत्तेचं विवरण त्यांनी वेळेत दिलं का.

खटल्यांचा आकडा आणि खटल्यांची जात

सीमाभागात ज्याच्यावर एकही गुन्हा नाही असा चळवळीतला माणूस शोधावा लागतो. १ नोव्हेंबरचा काळा दिन, १७ जानेवारीचा हुतात्मा दिन, विधिमंडळाचं अधिवेशन बेळगावात भरतं तेव्हाचा महामेळावा: परवानगी नाकारायची, जमावबंदी लावायची आणि मग गुन्हे नोंदवायचे, हे इथं वर्षानुवर्षं चालत आलंय. त्यामुळं 'अमक्यावर अकरा गुन्हे' या वाक्याला स्वतःचा असा अर्थ नाही.

कलमं वाचा. जुन्या दंडसंहितेतलं १४३ (बेकायदा जमाव), १४७ (दंगल), १८८ (आदेशभंग) ही बहुधा आंदोलनाची कलमं. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत ती अनुक्रमे १८९, १९१ आणि २२३ झाली. फसवणुकीचं ४२० आता ३१८, विश्वासघाताचं ४०६ आता ३१६, खुनाच्या प्रयत्नाचं ३०७ आता १०९, महिलेच्या विनयभंगाचं ३५४ आता ७४. दोन्ही गट वेगळ्या पानांवर लिहा. पतसंस्थेच्या ठेवीदारांना बुडवल्याचा खटला आंदोलनाच्या दहा गुन्ह्यांच्या गर्दीत लपवला जातो आणि 'सगळ्या केसी सीमाप्रश्नाच्या' असं मंचावरून सांगितलं जातं. असं सांगणाऱ्याला नेमका गुन्हा क्रमांक विचारा. उलटही होतं: विरोधी गट आंदोलकालाच गुंड ठरवतो. दोन्ही ठिकाणी कलम आणि तारीख हेच उत्तर.

रकाना ५ मध्ये गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणं, न्यायालय, कलमं आणि आरोप निश्चित झाले असतील तर त्याची तारीख असते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर खटला क्रमांक किंवा सोळा अक्षरांचा सीएनआर (खटल्याचा ओळख क्रमांक) घातला की प्रकरण कुठं अडलंय ते दिसतं. उच्च न्यायालयात गेलेली आपल्या भागातली प्रकरणं धारवाड खंडपीठात शोधा. तारखांवर उमेदवार सतत गैरहजर आहे का, स्थगिती कोणी घेतली, हेही तिथं कळतं, आणि स्वभाव ओळखायला ते मूळ आरोपाइतकंच कामाचं.

प्रलंबित गुन्हे असतील तर उमेदवारानं माघारीची मुदत संपल्यापासून प्रचार संपेपर्यंत तीन वेळा वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर ते जाहीर करायचे असतात: पहिल्या चार दिवसांत एकदा, पाचव्या ते आठव्या दिवसात दुसऱ्यांदा, नवव्या दिवसानंतर तिसऱ्यांदा. पक्षालाही कारण द्यावं लागतं की स्वच्छ माणूस सोडून याला तिकीट का दिलं. 'निवडून येऊ शकतो' हे कारण चालणार नाही, असं न्यायालयानं २०२० मध्ये बजावलंय. ती जाहिरात कोणत्या पेपरात, कोणत्या पानावर आली ते कापून वहीत चिकटवा. आपला मतदार जो पेपर वाचतो त्यात ती आलीच नाही, असं झालं तर तेही लिहा.

पक्ष बदलला, की तत्त्व बदललं?

पक्ष बदलणं हाच दोष मानला तर आपल्या जिल्ह्यात फार थोडे शिल्लक राहतील. २०१९ मध्ये राज्यात सतरा आमदार अपात्र ठरले. त्यात गोकाक, अथणी आणि कागवाड हे आपल्याच जिल्ह्यातले तीन मतदारसंघ. सर्वोच्च न्यायालयानं अपात्रता कायम ठेवली, पण पुन्हा लढायची मुभा दिली आणि डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत त्या तिन्ही ठिकाणी मतदारांनी त्यांनाच निवडून दिलं. म्हणजे सातत्याचा प्रश्न उमेदवाराइतकाच मतदारालाही लागू आहे.

तपासायची रीत अशी. प्रत्येक बदलासाठी तीन रकाने आखा: तारीख; त्या वेळी त्यानं सांगितलेलं कारण, शक्यतो त्याच्याच शब्दांत; आणि पुढच्या सहा महिन्यांत त्याला मिळालेलं पद, तिकीट किंवा महामंडळ. जुन्या अंकांसाठी वाचनालय गाठा. स्थानिक आवृत्तीतली छोटी बातमी फोनवर शोधून मिळत नाही. मग पाहायचं ते एवढंच, की सांगितलेलं कारण पुढंही टिकलं का. 'शेतकऱ्यांसाठी पक्ष सोडला' म्हणणारा नव्या पक्षात गेल्यावर हलगा-मच्छे बायपासच्या भूसंपादनावर काय बोलला? मंत्रिपद मिळालं नाही तरी तिथं राहिला का?

महाराष्ट्र एकीकरण समितीच्या उमेदवारांनाही हीच फुटपट्टी. २०१३ मध्ये बेळगाव दक्षिण आणि खानापूर इथून समितीचे दोन आमदार गेले. २०१८ आणि २०२३ मध्ये एकही नाही. गटबाजीची चर्चा चव्हाट्यावर होते, वहीत मात्र कुणी लिहीत नाही. कोणत्या गटानं कधी अधिकृत उमेदवाराविरुद्ध अर्ज भरला, माघार कधी आणि कशाच्या बदल्यात घेतली, हे तारखेनिशी लिहा. अपक्ष म्हणून निवडून आलेल्यानं नंतर एखाद्या पक्षात प्रवेश केला तर घटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार (पक्षांतरबंदी) त्याचं सदस्यत्व जातं. म्हणून बरेच जण प्रवेश न करता नुसता 'पाठिंबा' देतात. तुमचा अपक्ष निवडून आल्यावर कुणाला पाठिंबा देणार, हे मतदानाआधी लेखी घ्या.

भाषेचा प्रश्न विचारताना

"मराठीसाठी काय करणार?" या प्रश्नाला कुणीही छान उत्तर देतो. प्रश्न आवळून विचारा. भाषिक अल्पसंख्याकांच्या १९५६ च्या तरतुदींनुसार ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात एखादी भाषा बोलणारे किमान पंधरा टक्के आहेत तिथं महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेत प्रसिद्ध व्हायला हव्यात. त्यावर विचारा: गेल्या पाच वर्षांत तुम्ही डी.सी. (जिल्हाधिकारी) ऑफिसला किती पत्रं दिली, त्यांच्या पोचपावत्या दाखवाल का? बेळगावच्या अधिवेशनात यावर प्रश्न विचारला असेल तर त्याची तारीख सांगा. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय घटनेच्या ३५०-अ कलमात आहे. मतदारसंघातल्या किती मराठी शाळांत शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत? आकडा माहीत नसणारा माणूस त्या प्रश्नावर काम करत नसतो, मग फलकावर कितीही मोठी अक्षरं असोत. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो आमदाराच्या हातात नाही, त्यामुळं 'सीमाप्रश्न सोडवतो' हे आश्वासन वहीत मोजूच नका.

कायद्याची एक कड कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावी. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३(३) कलमात धर्म, वंश, जात, समाज याबरोबर भाषेच्या आधारावर मत मागणंही भ्रष्ट आचरण ठरतं, आणि २०१७ च्या घटनापीठानं ते मतदाराच्या भाषेलाही लावलं. 'तुम्ही मराठी, मी मराठी, म्हणून मत द्या' या एका वाक्यावर निवडणूक रद्द होऊ शकते. पण भाषेच्या जतनासाठी काम करीन असं सांगणं भ्रष्ट आचरण नाही, असं १९६४ च्या निकालात म्हटलंय. तेव्हा पत्रकात मागणी आणि काम लिहा.

आश्वासन एका पानावर घ्या, पाचपेक्षा जास्त मुद्दे नकोत, प्रत्येकापुढं मुदत आणि खाली सही. शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर आणण्यात अर्थ नाही, त्यानं ते न्यायालयात बांधील होत नाही. साध्या कागदाच्या झेरॉक्स गल्लीच्या फलकावर लावल्या तर जास्त उपयोग होतो.

कारखाना, पतसंस्था, पंचायत

आपल्याकडचे निम्मे पुढारी आधी कुठंतरी चेअरमन असतात. माणसाचा स्वभाव तिथं उघड होतो. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. वजनाची पावती आणि बँकेत पैसे जमा झाल्याची नोंद, या दोन कागदांतलं अंतर दहा शेतकऱ्यांकडून लिहून घ्या. सभेत 'बळीराजा' म्हणणाऱ्या चेअरमनच्या कारखान्यानं कधी व्याज दिलं का, तेही त्यात दिसेल.

पतसंस्थेचे तुम्ही सभासद असाल तर वार्षिक अहवाल मागा. बहुराज्य संस्थांना वार्षिक सभेपुढं संचालकांना आणि त्यांच्या पती-पत्नी, मुलांना दिलेल्या कर्जाचं विवरण ठेवावं लागतं. अहवालात ते पान नसेल तर सभेतच विचारा आणि इतिवृत्तात नोंद घ्यायला लावा.

पंचायत सदस्यासाठी ग्रामसभेची इतिवृत्तं बघा. सहा महिन्यांतून एकदा तरी ग्रामसभा व्हायला हवी. तो किती सभांना हजर होता, कोणत्या ठरावाला विरोध केला, हे पीडीओकडं (पंचायत विकास अधिकाऱ्याकडं) मिळतं.

आपली बाजू

वहीचं शेवटचं पान स्वतःसाठी ठेवा, आणि ते सगळ्यात अवघड असतं. निकष लिहिताना सह्या केलेल्या प्रत्येकानं खाली लिहायचं: मागच्या निवडणुकीत घरी काय आलं? हळदी-कुंकवाचं वाण, कुकर, जेवणावळ, देवदर्शनाची गाडी, क्रिकेट स्पर्धेचं बक्षीस. मतासाठी घेणं हाही देण्याइतकाच गुन्हा. न्याय संहितेच्या १७० आणि १७३ कलमांखाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आचारसंहितेआधी वाटलेलं चालतं, असं गावोगाव सांगितलं जातं. आचारसंहिता लागली नसेल तर आयोगाचं पथक येत नाही, एवढाच फरक. मत वळवण्याच्या हेतूनं दिलेलं ते लाचच राहतं.

आमदाराकडं आपण काय मागितलं तेही लिहा. मुलाच्या नोकरीची शिफारस, बदली, पोलीस ठाण्यात एक फोन. हे मागणाऱ्याला त्यानं दुसऱ्यासाठी तसाच फोन केला म्हणून तक्रार करता येत नाही. 'लग्नाला आला नाही' हा राग तर निकषांतून काढूनच टाका. लग्नसराईत गावोगाव अक्षता टाकत फिरणारा आमदार विधानसभेची कागदपत्रं वाचत नसतो.

बेल-भंडारा उचलायला लावणं, देवाच्या पुढं गावाचं मत एकगठ्ठा ठरवणं, न ऐकणाऱ्याला वाळीत टाकायची धमकी देणं: कायद्यात देवाच्या कोपाची आणि बहिष्काराची भीती घालणं याला गैरवाजवी दबाव म्हणतात. पंच मंडळींनी बैठक घ्यावी, कागद वाचून दाखवावेत आणि उठावं. मत कुणाला दिलं हे कुणी कुणाला विचारायचं नाही.

तुलना छापायची असेल तर

तीन-चार उमेदवार एका कागदावर शेजारी शेजारी मांडले की लोक वाचतात. पण पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं-पत्ते नसतील तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७-अ कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. प्रकाशकानं मुद्रकाला सही केलेलं निवेदन द्यायचं असतं. अमक्यालाच मत द्या असं लिहू नका. उमेदवाराच्या परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणं हाही गुन्हा आहे. कुणाच्या खासगी चारित्र्यावर ऐकीव गोष्ट तर मुळीच नको, खोटं विधान स्वतंत्र गुन्हा ठरतं. प्रत्येक ओळीपुढं कागदाचं नाव, पान आणि तारीख. जिथं कागद नाही तिथं ओळ नाही.

छापण्याआधी प्रत उमेदवाराला द्या आणि उत्तरासाठी दोन दिवस ठेवा. उसाचं उत्पन्न, वारसाहक्क, निकाली निघालेला खटला अशी खरी स्पष्टीकरणं याच टप्प्यावर येतात.

वाटप, खोटं शपथपत्र आणि नंतरचे दिवस

वाटप सुरू दिसलं तर सी-व्हिजिल ॲपमधून तिथंच फोटो किंवा व्हिडिओ काढून पाठवा. गॅलरीतला जुना फोटो ते घेत नाही, ठिकाण आपोआप नोंदलं जातं, आणि तक्रारीवर शंभर मिनिटांत कारवाईची अपेक्षा असते. दुसऱ्या दिवशी सांगितलेल्या तक्रारींचं काही होत नाही, कारण माल आणि माणसं तोवर हललेली असतात. ॲप जमत नसेल तर १९५० वर फोन.

शपथपत्रातली लपवाछपवी त्याच कायद्याच्या १२५-अ कलमाखाली येते, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं थेट फिर्याद देता येते. निवडणूकच आव्हान द्यायची तर निकालापासून पंचेचाळीस दिवसांत उच्च न्यायालयात याचिका. ती मतदारसंघातला कोणताही मतदार करू शकतो, पण मुदतीनंतरचा एक दिवसही माफ होत नाही.

निकालानंतर तीस दिवसांत उमेदवाराला खर्चाचा हिशेब द्यायचा असतो. विधानसभेची मर्यादा ४० लाख, लोकसभेची ९५ लाख. तुमच्या गावात झालेली सभा, त्यातल्या खुर्च्या, मंडप, गाड्या, जेवणाची पानं वहीत आधीच मोजून ठेवली असतील तर हा हिशेब मिळताच ताडून पाहता येतो. जिंकलेल्याचा आणि हरलेल्याचा, दोघांचाही मागवा. हरलेला उमेदवार पुढच्या वेळी पुन्हा येतो, आणि तोवर त्याचे कागद कुणी उघडलेले नसतात.